ओतीव की तांब्याची

१ ऑक्टोबर
हरणांच्या शिकारीचा हंगाम आला. परवाना काढला — माझ्या नावाचा पहिलाच. लायल म्हणाला, "आता कोणाला काय दाखवायचंय तुला, नेटा?"

२ ऑक्टोबर
लायलचं, माझ्या दिराचं, वर्षभर तेच पालुपद. गेल्या हंगामात ऑरिनने घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीने हरीण नुसतं जखमी झालं, पळालं. म्हणून ऑरिन बर्फात त्याच्या मागे गेला आणि ओढ्याकाठी त्याचं हृदय थांबलं. त्याच्याजवळ सापडलेल्या रिव्हॉल्वरमध्ये एक गोळी उडालेली, उरलेल्या ओतीव. तांब्याच्या आवरणाची असती तर आत फुलली असती, हरीण जागीच पडलं असतं. "शिसं वितळवत बसायचा, जसं काही बिस्किटंच भाजतोय!" म्हणजे टायरची जुनी शिशाची वजनं वितळवून तो गोळ्या ओतायचा, त्यांच्यापायी माझा नवरा मेला. असं म्हणायचं आणि माझ्याच टेबलावर बसून बीन्स-मांसाची चिली खायची!

४ ऑक्टोबर
लायब्ररीतलं पुस्तक पुन्हा वाचलं. ओतीव गोळी जड, हाड फोडून पार जाते. तांब्याची फुलते, जखम मोठी करते — पण खांद्याच्या हाडावर बसली तर तिथेच फुलून अडकू शकते. दोन्ही बाजू खऱ्या. मला कोणती, ते पुस्तकात नाही.

५ ऑक्टोबर
ऑरिनचं कपाट उघडलं. त्याची काडतुसं कॉफीच्या डब्यात. शेजारी लायलने वाढदिवसाला दिलेला तांब्याच्या गोळ्यांचा खोका. एक खाच रिकामी. एक काडतूस हातात घेऊन पाहिलं असेल, कुठेतरी ठेवलं असेल. भावाची भेट — तेवढा तरी मान.

९ ऑक्टोबर
थंडी. स्टोव्ह पेटवला नाही. कोणासाठी पेटवू?

११ ऑक्टोबर
ओतीवच भरल्या. चालल्या तर ऑरिन मूर्ख नव्हता. एवढंच हवंय. त्याने कोणी परत येत नाही, माहीत आहे.

१४ ऑक्टोबर
मिळालं. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला. मोठा नर, पुढचा पाय किंचित ओढत चालणारा. एकच गोळी, आरपार. चार उड्या मारल्या आणि पडला. वाटलं होतं, आत काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही.
लायल ट्रक घेऊन आला. भोक पाहिलं, टोपी काढली.
"ऑरिनचीच गोळी?"
"त्याचीच."
घरी आल्यावर दारात उतरताना म्हणाला, "मग त्याच्या वेळी काय झालं गं?"

१५ ऑक्टोबर
गॅरेजमध्ये दोघं कातडं सोलत होतो. दुखऱ्या पायाच्या खांद्यात जुनी, भरून आलेली जखम. सुरी अडली. बोटांनी उकरून काढलं — फुलासारखा उमललेला तांब्याचा तुकडा.
ती रिकामी खाच, ती उडालेली एक गोळी! त्या दिवशी ऑरिनने भावाचं ऐकलं होतं.
"काय लागलं?" लायलने विचारलं.
"हाड," म्हटलं, आणि मूठ खिशात घातली.