दुसऱ्या कडव्यातली माझी जागा

३ नोव्हेंबर
आजपासून संताप बंद. गाण्याच्या कंपनीच्या तळघरात दिवस काढायचे तर डोकं थंड हवं. गाणारा-नाचणारा नवा ग्रुप पाच जणांचा होणार, नावं जानेवारीत ठरणार, आणि प्रॅक्टिसला आम्ही सहा. म्हणजे एक जण घरी. बहुतेक उन-सू. वयाने सगळ्यात लहान, गाताना डोळे मिटून घेतो. वाईट वाटतं बिचाऱ्याचं.

दा-ऑन आज केस वर बांधून आली होती. नाच बसवणाऱ्या बे सरांची ती असिस्टंट. कॉलेजच्या महोत्सवात तिला नाचताना पाहिलं आणि मी कॉलेज सोडलं. तिला हे अजून सांगितलेलं नाही. निवड झाली की सांगेन. निवड झालेल्यांना प्रेम करायला बंदी आहे, पण माझ्यासाठी काहीतरी मार्ग काढतील.

९ नोव्हेंबर
आमच्या गाण्यातलं दुसरं कडवं माझ्या एकट्याचं. अर्धा आवाज, अर्धी हवा, कुणाच्या तरी कानाशी बोलल्यासारखं. आज सरांनी उन-सूला माझ्याबरोबर तेच गायला लावलं. माझा आवाज भरदार वाटावा म्हणून. मग मला म्हणाले, जरा हळू. आणखी हळू. आता नुसते ओठ हलव.
घसा जपतायत माझा.

१८ नोव्हेंबर, रात्र
नाचात मला मधून डावीकडे नेलं, तिथून मागे, खांबाजवळ. मागची बाजू सांभाळायला भरवशाचा माणूस लागतो. तरी बाटली लाथाडली. दा-ऑनच्या पायाला लागली. ती म्हणाली, मारायचीच तर भिंतीला मार, ती इथेच राहणार आहे.
काय बोलते! दिवसभर तेच आठवत होतो.

२७ नोव्हेंबर
सगळे फार चांगले वागायला लागलेत. जेवताना उन-सूने भाजलेल्या मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या वाटीत ठेवला. दादा, खा ना पोटभर, म्हणाला. मी म्हटलं, आणि उद्या वजनकाट्यावर कोण उभं राहणार, तुझा बाप? मॅनेजर म्हणाले, तुझं वजन राहू दे आता. बाकीचे खाली मान घालून चावत राहिले.
होणाऱ्या लीडरचा मान असाच असतो.

५ डिसेंबर
घरून, गुन्सानहून, आईचा फोन. म्हणाली, तुझे मॅनेजर किती गोड बोलतात रे. तुझी खोली अजून रिकामीच आहे ना, म्हणून विचारत होते.
म्हणजे शूटिंग. स्टारचं बालपण वगैरे. तिला म्हटलं, तुझ्या लाँड्रीची गाठोडी आधी माझ्या खोलीतून हलव आणि भिंती रंगवून घे.

१४ डिसेंबर
दा-ऑनने मला जिन्यात गाठलं. कॉलेजात परत कधीपर्यंत घेतात, विचारलं. म्हटलं, फेब्रुवारी. ती म्हणाली, मग जा. कुणी सांगायच्या आधी जा रे, गाढवा. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.
गाढवा म्हणाली. आणि नवरा शिकलेला हवा असणार तिला. आत्तापासून एवढा पुढचा विचार!

२२ डिसेंबर
संताप केला. पाणी पिऊन परत आलो तर उन-सू माझ्या जागेवर. कॉलर धरली. तो म्हणाला, दादा, सरांनीच सांगितलंय. तू बाहेर गेलास की आम्ही रोज असंच करतो.
रोज.
प्रॅक्टिस खोळंबू नये म्हणून असेल. नवा निश्चय: पाणी कमी प्यायचं.

६ जानेवारी
सरांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, एकदा बाहेरून बघ. दा-ऑन शेजारी बसली. मनात म्हटलं, बघतोच. दुसऱ्या कडव्याला हे भलंमोठं भगदाड पडेल आणि सगळे माझ्याकडे वळतील.

गाणं लागलं. उन-सूने ते कडवं असं कुजबुजत म्हटलं की माझ्या हातावर काटा आला. पाचही जण एकदम वळले, एकदम थांबले, सुरीने कापल्यासारखे. मी भगदाड शोधत होतो. मध्ये, डावीकडे, खांबाजवळ. कुठेच नव्हतं. एक माणूस उठून गेला की ते आपोआप मिटावं, असाच तो नाच बसवलेला होता. कधीपासून, कोण जाणे.

दा-ऑनने हळूच विचारलं, काही कमी वाटतंय?
राग आणून बघितला. आला नाही.
म्हटलं, नाही. उन-सूचा डावा हात तेवढा खाली राहतोय.
ती त्याला सांगायला उठून गेली.