रसाच्या जहाजावरचं घुंगरू

किसना, माझ्या धाकट्या भावा,

पत्रं लिहायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. पण काल तुझी बॅग आली. तू गेलास त्याला पावसाळा उलटला, ऊस गोड व्हायला लागला, तेव्हा कुठं कंपनीला तुझं सामान धाडायची आठवण झाली. जहाजावरचा तुझा सोबती थॉमस स्वतः घेऊन आला. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर उतरला अन् कुणाला न विचारता, घुंगरांच्या आवाजावर सरळ आपल्या रसवंतीत शिरला. बॅगेत कपडे होते, आणि मोज्यात गुंडाळलेलं ते घुंगरू. ते बघितलं अन् एवढ्या वर्षांचं सगळं वर आलं. समोर होतास तेव्हा बोललो नाही. आता ऐक.

अरे, किती जळलो मी तुझ्यावर!

आयटीआय करून तू मुंबईला बर्फाच्या कारखान्यात लागलास, तोवर ठीक होतं. मग जहाजावर गेलास. दोघं भाऊ रसाच्याच धंद्यात. पण मी कुरुंद्याचा ऊस पिळून एसटीतल्या माणसांना गिलास देणार, अन् तू ब्राझीलच्या संत्र्यांचा रस जहाजभर घेऊन समुद्रापलीकडं नेणार! एका जुन्या चरकावर मी ही रसवंती उभी केली, पुढं कळमनुरीला दुसरी टाकली. तरी तू सुटीवर आलास की माझीच गिऱ्हाइकं माझ्याच बाकड्यावर बसून तुझ्याकडं तोंड करायची. रस माझा, कान तुझ्याकडं!

तूही काय रंगवून सांगायचास! "जहाजाच्या पोटात विहिरीएवढ्या टाक्या. रस गोठू द्यायचा न्हाई अन् नासू बी द्यायचा न्हाई. हवा लागू नये म्हणून वरून येगळा गॅस भरायचा. थंडीचं मशीन बंद पडलं की खेळ खलास."

मी मुद्दाम विचारलं, "कसा लागतो रे तो रस?"

"टाकी सील असती, भिया. मी कुठं पिऊन राहिलो?"

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. तुझा गिलास काठोकाठ भरला.

पण आपल्या याडीचं काय? तू तिचं शेंडेफळ. तिच्या डोक्यात जहाज म्हणजे आपल्या पणज्याचा बैलांचा तांडा, पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन निघालेला. "वाटंत पाणी कुठं पाजता? म्होरक्या कोण?" तू हसून म्हणालास, "याडी, आमचं जहाज एकटंच असतं. म्होरं कुणी न्हाई, मागं कुणी न्हाई." तिचं तोंड उतरलं. "मंग घुंगरू काहून न्हाई बांधलं? मागचे कशाच्या आवाजावर येतील?"

दुसऱ्या दिवशी तू निघून गेलास. मी चरक सुरू केला अन् थबकलो. चरकाला बांधलेली घुंगरमाळ पणज्याच्या म्होरक्या बैलाच्या गळ्यातली. बानं ती माझ्या हातात दिली होती, तुझ्या नाही! त्या माळेत एक जागा मुकी झाली होती. गिऱ्हाइकाला कळलं नसतं. मला कळलं.

"याडी, एक घुंगरू कुठं गेलं?"

"जो माल घेऊन चालतो, त्याच्यापाशी गेलं. तू तर एका जागी बसून राहिला."

एका जागी! अरे, तिच्या गुडघ्याचं तेल कोण आणत होतं? तिला दवाखान्यात कोण नेत होतं? जहाज?

मी चरकाकडं वळलो. पण तिथं दुसरं घुंगरूही बांधलं नाही. रोज ती मुकी जागा ऐकत राहिलो. शेवटच्या दुखण्यात तू नांदेडच्या दवाखान्यात काविळीनं पिवळा पडून होतास, तेव्हाही एकदा तोंडाशी आलं होतं, माझं घुंगरू दे. तेवढ्यात तू डोळे उघडलेस. "भिया, रस आणला का?" मी बाटलीचं बूच काढलं.

काल थॉमसनं सांगितलं. म्हणे तुझ्या खोलीतून थंडीच्या मशीनचा पाइप जायचा, त्याला तू ते घुंगरू बांधायचास. मशीन चालू तोवर पाइप थरथरणार, घुंगरू वाजणार. वाजायचं थांबलं की तू गाढ झोपेतून उठून पळायचास. "हम लोग हँसते थे," तो म्हणाला. "किसन बोलता था, ये मेरे बड़े भाई की तरकीब है. उसका कान मिल जाता, तो घुंगरू की ज़रूरत ही नहीं पड़ती."

अरे गाढवा! हे मला सांगायला तुझं काय जात होतं? चरकात ऊस अडकला की घुंगरं दबतात अन् मी पाठमोरा असलो तरी वळतो, हे तू बाकड्यावर बसून बघत होतास तर! साऱ्या बाळापूरला टाक्या सांगितल्यास, माझ्यासाठी एवढं एक वाक्य ठेवलं नाहीस?

आज सकाळी ते घुंगरू परत माळेत ओवलं. चरक सुरू केला. याडीला आता नीट दिसत नाही. बाकड्यावर बसली होती, तिनं मान वर केली. मला वाटलं, आता म्हणेल, बराबर झालं रे रामधन.

"किसन आला व्हय?" ती म्हणाली.

ऊस मी आणला, चरक मी चालवला, घुंगरू मी ओवलं. अन् आला कोण? किसन! मेल्यावरसुद्धा माझ्या दुकानात तूच म्होरं!

मी गिलास भरून तिच्या हातात ठेवला. ती मात्र रस्त्याकडंच तोंड करून बसली, रस तसाच हातात धरून.

तर ऐक. ते घुंगरू आता माळेतून काढणार नाही. अन् उद्या तिनं पुन्हा विचारलं, "किसन आला व्हय?" तर मी "व्हय" म्हणेन. जळत म्हणेन, पण म्हणेन.

तुझ्या आवाजावर मागून येणारा,
तुझा भिया
रामधन