चिनी फेरीवाल्यानं जपलेलं पान

आर्वी, मंगळवार
फाल्गुन, १९५४

त्या माणसानं ते पान जपून ठेवलं, ते काही डोक्यातून जात नाही.

दुपारी रेशीम विकणारा चिनी फेरीवाला दारात आला. रविवारी माझ्या कुसुमला पाहायला येणार आहेत, म्हणून सासूबाईंनी गुलाबी कापड घेतलं. त्याला सुपारी दिली, ती कुसुमच्या पुस्तकाचं पान फाडून केलेल्या पुडीत! मी म्हटलं, अहो, पुस्तक कशाला फाडलं? तर म्हणाल्या, "सातवी झाली न तिची! आता काऊन सांभाळून राह्यली?"

त्यानं सुपारी तोंडात टाकली, पण कागद टाकला नाही. मांडीवर सरळ करून खिशात ठेवला. "हमारे यहाँ लिखा हुआ कागज फेंकते नहीं." त्याच्या मुलखात म्हणे पूर्वी शेतकऱ्याचं पोरही परीक्षा देऊन हाकीम, म्हणजे मोठा सरकारी अंमलदार, व्हायचं. म्हणून आईबाप उपाशी राहून शिकवायचे.

मी विचारलं, "और लड़की?"

तो कापडाच्या घड्या घालत राहिला. "लड़की का इम्तिहान नहीं था, माईजी."

म्हणजे तिथंही तेच. मग ते पान खिशात घालून काय उपयोग? आणि मी तरी, फाडताना हात का नाही धरला?

संध्याकाळी कुसुम ते रेशीम अंगाला लावून पाहत होती. पाय चुकून त्याच पुस्तकाला लागला. लगेच वाकून तिनं नमस्कार केला. आम्हीच लावलेली सवय. पण किती वेळ वाकून राहिली!

सासरी निघालेली पोर आईच्या पाया पडते, तशी.