आजींनी हलवलेली मान

प्रिय आई,
वाकून नमस्कार.

गेल्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. सात नंबरच्या खाटेवरच्या आजी पायाचं बोट कापून घ्यायला तयार झाल्या, असं तुला कळवलं होतं. त्या तयार नाहीत. डॉक्टरांपुढे त्यांनी नुसती मान हलवली आणि संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली मी.

काल आजींची भाषा जाणणाऱ्या दुभाषी बाई आल्या, तेव्हा आजी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणू?"

मला कळायला हवं होतं गं. आपली काकू आजोबांपुढे मान डोलवायची आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणायची, "माझी बला करते!" आजींनी चादर घट्ट धरलेली मला दिसली होती, तरी मी सही केली.

हेडसिस्टर म्हणतात, "खाजवून खरूज कशाला काढतेस?" उशीर झाला तर पाऊल जाईल, ही भीती मलाही आहे.

मी वेळेवर जेवते. झोप तेवढी लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे? नुसतं "बरा आहे" लिहू नकोस.

ऑपरेशन शुक्रवारी आहे. दुभाषी बाईंना घेऊन मी डॉक्टरांपुढे उभी राहणार आणि माझी सही मागे घेणार, गुरुवारी सकाळी.

तुझी धाकटी