म्हादूच्या अर्जाची चौकशी

मार्गशीर्ष शु. ४, शके १८५१

सगळ्यांत आधी धावत आली ती शेजारची आमिनाबी. हात शेणाचे तसेच. "मावशी, पावणं आलं! दोघं हायेत, काळ्या टोप्या, कोट. वेशीवर तुमच्याच घराचं इचारत्यात. जमीन किती, जनावरं किती, कमवतं कोण."

मी तर हरखलेच. शंकरचं, माझ्या नातवाचं, घर बघायला आंबीचे मुलीकडचे लोक या आठवड्यात येणार असा निरोप होताच.

शंकरचा बाप, माझा लेक म्हादू, नेमका लोणावळ्याला गेलेला. घाटात विजेची इंजिनं लागली, आता कोळसा मारायला फायरमन नकोत, म्हणून तो दोन महिने घरीच आहे. मला मेलीला बरंच वाटतं. पंधरा वर्षांत त्याला उजेडात जेवताना पाहिलं नव्हतं. पण त्याचा जीव लागत नाही. कामावरून काढलेल्या गरजूंना रेल्वेच्या फंडातून सहा महिने अर्धा पगार देतात, त्याचा अर्ज केलाय. कागद कधी येतो ते विचारायला गेलेला.

आमिनाबीनं तिच्या दोन म्हशी मागच्या बाजूनं आणून आमच्या गोठ्यात बांधल्या. मी सांगितलंसुद्धा नव्हतं. अशी बाई. तिची तिसरी लेक माझ्याच हातावर झाली, ते पुन्हा कधीतरी लिहीन.

सुनेनं गुळाचा चहा दिला. त्यांतले जाडे पावणे वहीत लिहीत होते. "तुमचा मुलगा काय करतो?"

"रजेवर हाय. सायेब त्याच्याबिगर पाऊल टाकत न्हाई."

"जमीन?"

"ओढ्यापातूर दिसतंय की." दिसतं ते पाटलाचं. आमची दोन खाचरं.

"म्हणजे ठीक चाललंय तुमचं."

"झकास!"

मग म्हणाले, आजी, लिहिता येतं का? दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेय म्हटलं. वहीत सही घेतली. शिकलेली आजेसासू बघून खूश झाले असणार. लय आनंदाचा दिवस.

शु. ५

काल म्हादू आल्याआल्या सगळं सांगितलं. घास हातातच राहिला त्याचा.

"आये, कोटाला पितळी बिल्ला हुता?"

होता.

"ती आंबीची मानसं न्हवती. फंडाची हुती."

पुढं जेवला नाही. कागद येणार म्हणाला होता, माणसं येतील हे कुणाला ठाऊक! आणि आल्या माणसाला आपलं घर चांगलं सांगायचं नाही तर काय?

चंपाषष्ठी

भरीत-रोडगा केला. खंडोबापुढं काय मागावं सुचेना.

म्हादू हापिसात जाऊन आला. कारकुनानं वहीच पुढं केली, "सही तुमच्या मातोश्रींचीच ना?" इतक्या वर्षांत माझं अक्षर कुणी वाचलं, तर ते असं.

अर्ज बाजूला ठेवलाय. माणसं पुन्हा पाठवतील. तेव्हा दोन शेजाऱ्यांनी सांगायचं, या घरात काही नाही. नाहीतर म्हादू मुंबईला गोदीत जातो म्हणतो. गोदीत गेलेला गावचा एकजण शिमग्याला येतो. येतो म्हणजे कधी येतो, कधी...

शु. ९

आमिनाबीला सांगून पाहिलं. "तुमच्या घरात कायबी न्हाई, असं परक्याला मी सांगू? जीभ झडंल माझी, मावशी." आणि रडायलाच लागली. उलट मीच समजूत घातली.

पाटलाकडं गेले. ते म्हणाले, "म्हातारे, शंकऱ्याचं लगीन मोडायचंय का? आज मी बोलीन, उद्या आंबीत बोंब व्हईल." त्यांचंही खोटं नाही.

म्हादू म्हणतो, "आये, तू निसती गप बस." सुनेला एकदम हसू फुटलं. म्हणाली, "आत्याबाई आन् गप?" मलाही आलं.

शु. १०

सकाळी हापिसाचा शिपाई सांगून गेला, साहेब येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरतील, शेजारी हजर ठेवा. पाणीसुद्धा न पिता गेला.

म्हादू पाटलाकडं गेलाय, पुन्हा एकदा.

तो गेला आणि आंबीचा माणूस आला निरोप घेऊन. त्यांनाही गुरुवारच सोयीचा आहे.