टोपड्यावरचा गोंडा

१० फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! खालच्या गावापर्यंत ट्रक, पुढं चार तास पायी. आयदे माझ्या पाठीवर झोपून आली, धाप मात्र मला लागली. सासूबाईंनी पाच महिन्यांच्या नातीला आज पहिल्यांदा पाहिलं. आधी तिला हुंगलं, मग मला म्हणाल्या, की मक्याच्या शेतातली पोर चांगली खाऊनपिऊन गुटगुटीत दिसतेय, इथल्या थंडीत महिन्याभरात वाळेल बघ. रुफिनो हसला, मीही हसले. आईच्या तोंडाला लागू नकोस, हे त्यानं वाटेतच बजावलं होतं.

दोन खोल्या, गवताचं छप्पर, समोर दगडी वाडगं. त्यात साठेक अल्पाका, लांब मानेची लोकरीची जनावरं, सगळ्या माना वळवून नव्या सुनेकडे बघत होत्या. मला तर घर फारच आवडलं.

१४ फेब्रुवारी

अल्पाका सकाळीच वितात. ऊन आहे तोवर पिल्लू वाळलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळच्या गारठ्यात गेलंच म्हणून समजायचं. आज न्युस्ता नावाच्या पांढऱ्या मादीला पिल्लू झालं. मी गोणपाट घेऊन पुसायला धावले, तर सासूबाई खेकसल्या, की अगं, आधी आईला वास घेऊ दे, तू काय तिची सुईण लागून गेलीस? आई पिल्लाशी तोंड मिटून बोलते, हुं-हुं. पिल्लूही तसंच उत्तर देतं. आयदे टक लावून ऐकत होती.

१७ फेब्रुवारी

आज कार्निव्हल. पिल्लांचे कान टोचून रंगीत लोकरीचे गोंडे ओवले, मक्याची आंबवलेली दारू, चिचा, शिंपडली, कोकाची पानं डोंगराकडे तोंड करून फुंकली. सासूबाई डोंगराला ‘मालक’ म्हणतात. जनावरं त्यांची, आपण नुसते राखणदार. गोंडा पाहिला, की हे पोर आपलं आहे हे मालकांना कळतं.

न्युस्ताच्या पिल्लाला लाल-पिवळा गोंडा मिळाला, मी वळलेला! सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि वाईट नाही म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे बक्षीसच.

२५ फेब्रुवारी

रुफिनो काल मीठ आणि मका आणायला खाली गेला. दहा-बारा दिवस लागतील.

दुपारी गारा पडल्या. न्युस्ताचं पिल्लू पाणथळीत रुतलं, मी पोचेपर्यंत संपलं होतं. सासूबाईंनी कातडं काढलं. गोंडा मात्र कानातून सोडवून, कापडात गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. न्युस्ता हुं-हुं करत पाणथळीभोवती फिरतेय, पान्हा गळतोय. मला बघवलं नाही. मीही अंगावर पाजतेच आहे.

१ मार्च

सासूबाई नरांचा कळप घेऊन वरच्या कुरणावर गेल्या, चार दिवसांनी येतील.

आयदेला सर्दी झालीय म्हणून टोपडं विणलं. शेंडा ओकाबोका दिसत होता, आणि रंगवलेली लोकर म्हातारीच्या कुलपात. मग कोनाड्यातला गोंडा आठवला. माझ्याच हातचा, नुसता पडून काय कामाचा? रंग जाईल म्हणून धुतला नाही, तसाच शिवला. काय देखणं दिसतंय टोपडं!

२ मार्च

न्युस्ता चरायला गेली नाही. दारात उभी होती. आयदेला पाठीवर घेऊन लेंड्या वेचायला गेले, तर माझ्या मागं मागं. सारखी टोपडं हुंगते. लळा लागलाय बाईला, असं म्हणून मी हसले.

४ मार्च

आयदे दोन दिवसांत रडलेली नाही. तोंड मिटून नुसतं हुं, हुं. सर्दीमुळं असेल.

माझं दूध घेत नाही. पण भुकेलेलीही दिसत नाही. दुपारी तिचं तोंड पुसलं. ओठाला पांढरी लोकर.

न्युस्ताची आचळं रिकामी आहेत. मी दाबून पाहिली.

५ मार्च

सासूबाई आल्या. टोपडं पाहिलं आणि उंबऱ्यातच बसल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, की मेलेल्या पिल्लाचा गोंडा ऑगस्टमध्ये डोंगराच्या पूजेला मालकांना परत करायचा असतो. तोवर झाकून ठेवायचा, कारण आई शोधत असते. लेकराच्या डोक्यावर बांधलास होय गं? मी म्हणाले, तुम्ही तरी कधी सांगितलंत? मग दोघी रडलो.

टोपडं काढलं. आयदेच्या डाव्या कानाला भोक आहे. जुनं, बरं झालेलं. मी तिचे कान टोचलेले नाहीत.

६ मार्च

सासूबाई उजाडताच टोपडं घेऊन डोंगरावर गेल्या. मालकांच्या पाया पडून येते म्हणाल्या. तोवर पोर पाठीवरून उतरवायची नाही. झोळी सोडायची नाही. न्युस्ताला हुंगू द्यायचं नाही.

धुकं. वाडगंही दिसत नाही.

मी चुकले. पाणी भरताना — घागर जड होती — झोळी वाडग्याच्या भिंतीवर टेकवली. घागर भरेपर्यंतच. होती तशीच उचलून पाठीवर बांधली. गाठ तशीच होती. मी पाहिलं, गाठ तशीच होती.

दाराला आडणा घातलाय. रुफिनो, तू आधी आलास तर हे वाच. मी तिला सोडलेलं नाही. झोळी न सोडता लिहीत बसलेय.

पाठीवर ऊब आहे. हुं-हुं चाललंय. जड लागतेय आज. सकाळी एवढी नव्हती —

न्युस्ता दारासमोरून गेली. पावलं ऐकू आली. वाडग्याकडे गेली.

कोणीतरी रडतंय. बाहेर.

आयदे आहे. तिचाच आवाज, मी ओळखणार नाही का — वाडग्यातून रडतेय, माझी आयदे रडतेय —

मग माझ्या पाठीवर