तक्त्यातल्या खोट्या खुणा

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा खोकला गेला का? भावोजींना सांग, काठी मिळाली, पण ती मला चार बोटं लांब पडते. स्वतःच्या उंचीनं मापून घेतलेली दिसते.

आधी महत्त्वाचं. शाळेचा राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर आजच्या आज परत घे. माझे पाय ठीक आहेत.

मंगळवारी दवाखान्यात व्यायामाच्या सायकलवरून उतरताना पाय लोळागोळा झाले, तेव्हा मी तुला फोनवर रडत म्हटलं, "आजार उलटला, आता चाकाची खुर्ची." तू म्हणालीस, "मी येते. कायमची." डॉक्टरांनी तपासलं. नवा झटका नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापलं की नसा थोडा वेळ रुसतात म्हणे. तासभर पंख्याखाली बसवलं, गार पाणी पाजलं, आणि मी चालत रिक्षापर्यंत गेले.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं तोंडानं सांगवत नाही.

घरी करायच्या व्यायामाचा एक तक्ता असतो. केला की खूण करायची, दमलो तर तसं लिहायचं. ताई, दीड महिना मी काहीच केलं नाही. पलंगावर बसून नुसत्या खुणा केल्या, त्याही वेगवेगळ्या पेनांनी! "तुला झेपायचं नाही, पडून राहा," असं तू म्हणाली होतीस. त्याचा राग होता. आणि तुझंच खरं निघेल ही भीती. तो भरगच्च तक्ता बघून फिजिओथेरपिस्ट बाईंनी मंगळवारी सायकलची वेळ दुप्पट केली, आणि मीही मान डोलावली.

काल त्यांच्याकडे सगळं कबूल केलं. वाटलं, हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "दीड महिन्यात एकदाही दमला नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. असा पेशंट मी अजून पाहिला नाही." आणि कोरा तक्ता पुढे सरकवला. पहिल्या दिवशी चार मिनिटं.

आज सकाळी, ऊन चढायच्या आत, तीन केली. चौथ्याला थांबले आणि 'दमले' असं लिहिलं. किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

सुट्टी लागली की ये. माझं करायला नको, नुसती ये. रागावली असशील तर रागावूनच ये.

तुझी,
तीन मिनिटांची पैलवान